चाचण्यांत सुधारणा झाली, पण खेळताना चपळता दिसत नाही: तयारीत नेमके काय चुकते आहे?

विचारणा : हॅन्डबॉल प्रशिक्षिका

नमस्कार. सतरा ते एकोणीस वर्षे वयाच्या मुलींच्या हॅन्डबॉल संघाला मी प्रशिक्षण देते. मागील हंगाम संपल्यावर मी सोळा आठवड्यांचा शारीरिक तयारीचा कार्यक्रम आखला आणि मुलींनी तो अतिशय निष्ठेने पूर्ण केला. आठवड्यातून सहा दिवस सराव होत असे. रोज आरंभी २५ मिनिटे सलग धावणे, त्यानंतर एक दिवसाआड वजनांचा व्यायाम किंवा चेंडूचा सराव, आणि शेवटची २० मिनिटे चपळतेसाठी राखलेली. त्यात लॅडर (जमिनीवर पसरलेल्या दोरीच्या शिडीच्या घरांतून पावले टाकणे), शंकूंमधून वळणे घेत धावणे आणि शटल रन (दोन रेषांमध्ये ये-जा धावणे) असे. प्रत्येक फेरीनंतर २० ते ३० सेकंदांचीच विश्रांती मी देत होते, कारण सामन्याच्या शेवटच्या दहा मिनिटांत थकलेल्या अवस्थेतही मुलींना वेगाने हालचाल करता यावी, अशी माझी इच्छा होती.

निकाल संमिश्र आहेत. बीप टेस्टमध्ये (वाढत्या गतीच्या ध्वनीसंकेतांवर ये-जा धावण्याची दमसासाची चाचणी) बहुतेक जणी दीड ते दोन पातळ्या पुढे गेल्या आणि स्क्वॉटमध्ये (खांद्यांवर वजन घेऊन खाली बसून उठणे) उचललेले वजनही चांगले वाढले. मात्र जागेवरून घेतलेली लांब उडी सरासरी १.७८ मीटरवरून १.८० मीटरवर आली, म्हणजे जवळजवळ होती तिथेच राहिली. २० मीटर धावण्याची वेळ बहुतेकींच्या बाबतीत बदलली नाही, आणि माझ्या सर्वांत मेहनती बचावपटूची वेळ तर ३.४२ सेकंदांवरून ३.४७ सेकंदांवर गेली.

याहून अधिक चिंता मला प्रत्यक्ष खेळाची वाटते. समोरच्या खेळाडूने खांदा एका बाजूला झुकवून दुसऱ्या बाजूने मुसंडी मारली की माझ्या या बचावपटूचे पहिले पाऊल हुलकावणीच्या दिशेने जाते. चूक तिच्या लगेच लक्षात येते, परंतु परतीचे पाऊल इतके उशिरा पडते की तोवर समोरची मुलगी गोलसमोरच्या सहा मीटरच्या रेषेवरून उडी घेऊन मोकळी झालेली असते. एवढी ताकद आणि एवढा दमसास कमावूनही ही चपळता का येत नाही? ती उपजतच असावी लागते, असे काही जण मला सांगतात, पण ते मानायला माझे मन तयार होत नाही. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : शारीरिक क्षमता प्रशिक्षक

मॅडम, चपळता केवळ उपजत असते, हे मानू नका. उपजत फरक असतात हे खरे, पण आपल्या कार्यक्रमाचे वर्णन वाचल्यावर मला तरी असे दिसते की वेग आणि स्फोटक ताकद यांना वाढण्याची संधीच मिळालेली नाही. मुलींनी ज्याचा सराव केला तेच त्यांचे सुधारले आहे. दमसासाचा सराव भरपूर झाला म्हणून दमसास वाढला. जड वजन सावकाश उचलण्याचा सराव झाला म्हणून ती ताकद वाढली. आणि ज्याला आपण चपळतेचा सराव म्हणत होतात, तो प्रत्यक्षात दमसासाचाच आणखी एक सराव होता.

याचे कारण स्नायूंच्या ऊर्जेत आहे. पूर्ण जोर लावून केलेल्या काही सेकंदांच्या हालचालीला लागणारी ऊर्जा मुख्यतः स्नायूंमधील फॉस्फोक्रिएटिन या झटपट ऊर्जा देणाऱ्या रसायनाच्या साठ्यातून येते आणि हा साठा साधारण दहा सेकंदांत बराचसा संपतो. विश्रांती घेतली की पहिल्या अर्ध्या मिनिटात त्यातला जवळपास निम्मा भाग भरून येतो, पण तो पूर्ववत होण्यास तीन ते पाच मिनिटे लागतात. वीस सेकंदांच्या विश्रांतीवर सलग फेऱ्या घेतल्या तर तिसऱ्या-चौथ्या फेरीपासून खेळाडू आपल्या कमाल वेगाने धावूच शकत नाही. ती मनापासून धावत असते, घामाघूम होते, पाहणाऱ्यालाही सराव कडक झाल्यासारखे वाटते. मात्र तिची मज्जासंस्था त्या वेळी जे गिरवत असते ती मंद हालचाल असते, आणि सामन्यात तीच बाहेर येते.

म्हणून पहिला बदल क्रमाचा करा. वेग, उड्या आणि दिशा बदलण्याचा सराव वॉर्म-अपनंतर लगेच, अंग ताजे असताना घ्या. २० मीटरच्या एका धावेनंतर दोन मिनिटे विश्रांती द्या. दहा मीटरमागे एक मिनिट, हा आमच्या क्षेत्रातला ढोबळ हिशेब आहे आणि तो बहुतेक वेळा पुरेसा ठरतो. सहा ते आठ धावा झाल्या की थांबा. मुली म्हणतील की आज काहीच झाले नाही, अजून दम आहे. तसे त्या म्हणाल्या तर सराव योग्य झाला असे समजा.

दुसरी गोष्ट ताकदीची. स्क्वॉटमध्ये कमाल जोर निर्माण व्हायला साधारण तीन दशांश सेकंद किंवा त्याहूनही जास्त वेळ लागतो. पूर्ण वेगाने धावताना मात्र पाय जमिनीला सुमारे एक दशांश सेकंदच टेकलेला असतो. म्हणजे कमावलेली ताकद वापरायला जो वेळ लागतो, तो खेळात मिळतच नाही. ताकद हा पाया आहे आणि तो आपण चांगला घातला आहे. आता त्या ताकदीला वेग द्यायचा आहे. त्यासाठी लहान अडथळ्यांवरून दोन्ही पायांनी उड्या, एका पायावर पुढे आणि बाजूला उड्या, मेडिसिन बॉल (व्यायामाचा जड चेंडू) पूर्ण जोराने भिंतीवर फेकणे, मध्यम वजन घेऊन झपाट्याने वर येणे, असे व्यायाम हवेत. सोव्हिएत प्रशिक्षक युरी वेर्खोशान्स्की यांनी १९६० च्या दशकात उंचीवरून खाली उतरून तत्काळ उसळी घेण्याची पद्धत मांडली आणि प्लायोमेट्रिक्स या नावाने तिचा पुढे जगभर प्रसार झाला. ती पद्धत फार प्रभावी आहे, परंतु आपल्या मुलींनी तिचा आरंभ उंच ठोकळ्यावरून करू नये. एका सत्रात उड्यांमध्ये पाय जमिनीला एकूण साठ-सत्तर वेळा टेकले तरी सुरुवातीला पुरेसे आहे.

रोजच्या २५ मिनिटांच्या धावण्याबद्दलही एक सांगायला हवे. रॉबर्ट हिकसन यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एका गटाने केवळ ताकदीचा, दुसऱ्याने केवळ दमसासाचा आणि तिसऱ्याने दोन्हींचा व्यायाम दहा आठवडे केला. दोन्ही करणाऱ्यांचा दमसास नीट वाढला. ताकद मात्र आरंभी वाढून पुढे थांबली आणि अखेरच्या दोन आठवड्यांत घसरू लागली. त्यातले व्यायामाचे प्रमाण फार मोठे होते, त्यामुळे त्यावरून धावणे बंदच करावे असा अर्थ काढणे चूक ठरेल. पण रोज, आणि तेही सरावाच्या आरंभी, सलग धावल्यास त्याची किंमत स्फोटक ताकदीला मोजावी लागते, एवढे निश्चित.

उत्तर : शारीरिक शिक्षण शिक्षक

केवळ मोजमापाबद्दल लिहितो. ३.४२ आणि ३.४७ या वेळा स्टॉपवॉचने हातानेच घेतलेल्या असतील, तर त्यांतला ०.०५ सेकंदाचा फरक विचारात घेऊ नये. घड्याळ सुरू करणाऱ्याची स्वतःची प्रतिक्रियाच त्याहून अनिश्चित असते. १०० मीटरच्या शर्यतीत हाताने घेतलेली वेळ विद्युत वेळेशी ताडून पाहताना ०.२४ सेकंद मिळवण्याचा प्रघात आहे, यावरून हाताच्या घड्याळातील तफावत लक्षात येईल. त्या मुलीला ती मंदावली असे आपण सांगितले असेल, तर कृपया ते मागे घ्या. लेझर गेट (खेळाडूने किरण ओलांडताच वेळ आपोआप नोंदवणारे यंत्र) उपलब्ध नसेल तर एकाच व्यक्तीने, एकाच ठिकाणी उभे राहून, प्रत्येकीच्या तीन धावा मोजाव्यात आणि सर्वोत्तम वेळ नोंदवावी. लांब उडी मात्र फीतीने मोजली जाते. ती न वाढणे ही खरी खूण आहे आणि तिच्याकडे आपण लक्ष दिलेत हे योग्यच केलेत.

उत्तर : क्रीडा फिजिओथेरपिस्ट

वरील दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे, परंतु आपण वर्णन केलेल्या प्रसंगात मला वेगापेक्षा थांबण्याचा प्रश्न अधिक दिसतो. दिशा बदलण्यापूर्वी शरीराची आधीची गती मोडावी लागते. ज्या खेळाडूला झटकन थांबता येत नाही, तिला झटकन वळताही येत नाही, मग तिचा सरळ धावण्याचा वेग कितीही असो. सरावात आपण धावायला शिकवतो, उडी मारायला शिकवतो, पण ब्रेक लावायला क्वचितच शिकवतो.

एक साधा प्रयोग करा. त्या बचावपटूला पाच मीटर वेगाने धावत येऊन एका रेषेवर थांबायला सांगा आणि मोबाइलवर समोरून व बाजूने, संथ गतीत, चित्रण घ्या. मग शेवटची दोन पावले एकेक चित्र पुढे नेत पाहा. चांगला ब्रेक लावणारी खेळाडू शेवटून दुसऱ्या पावलावरच कंबर खाली आणते, गुडघा आणि नितंब दोन्ही वाकवते, धड स्थिर ठेवते आणि पाय शरीराच्या पुढे टेकवते. ब्रेक न जमणारी खेळाडू उभ्या अंगाने रेषेवर येते, सगळा भार शेवटच्या एकाच पावलावर घेते, आणि त्या क्षणी तिचा गुडघा आतल्या बाजूला, दुसऱ्या गुडघ्याकडे कोसळतो. टाच जमिनीवर, पाऊल बाहेरच्या दिशेला वळलेले आणि गुडघा आत, असे चित्र दिसले तर तो केवळ मंदपणाचा प्रश्न राहत नाही. गुडघ्यातील एसीएल या अस्थिबंधाच्या दुखापती बहुतांशी याच स्थितीत, कुणाचा धक्का लागलेला नसताना होतात, आणि या वयाच्या मुलींमध्ये त्यांचा धोका मुलांपेक्षा कितीतरी अधिक असतो.

यावर उपाय आहे. नॉर्वेमध्ये महिला हॅन्डबॉल संघांमध्ये तोल, उतरण्याची पद्धत आणि दिशा बदलण्याचे तंत्र यांवर आधारलेला कार्यक्रम दोन हंगाम राबवण्यात आला. अव्वल विभागातील ज्या खेळाडूंनी तो नेमाने पूर्ण केला त्यांच्यात एसीएलच्या दुखापतीचा धोका कमी झाल्याचे दिसले. यातला ‘नेमाने’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण आठवड्यातून एकदा आठवण झाली म्हणून केलेल्या व्यायामाने असा परिणाम होत नाही. वॉर्म-अपमधली दहा-बारा मिनिटे यासाठी राखून ठेवा: एका पायावर उभे राहून चेंडू झेलणे, लहान उडी मारून एका पायावर उतरणे आणि दोन सेकंद तसेच स्थिर राहणे, तीन पावले धावून थांबणे. यांशिवाय मांडीमागच्या स्नायूंसाठी नॉर्डिक हॅमस्ट्रिंग हा व्यायाम आठवड्यातून दोनदा घ्यावा. जोडीदाराने घोटे धरून ठेवायचे आणि गुडघ्यांवर उभ्या असलेल्या खेळाडूने अंग सरळ ठेवून शक्य तितक्या सावकाश पुढे झुकत जायचे. पहिल्या आठवड्यात प्रत्येकी पाच आवर्तनांच्या दोन फेऱ्यांपेक्षा अधिक नको, कारण त्यानंतरचे दोन दिवस स्नायू चांगलेच दुखतात.

लॅडरबद्दल माझे मत थोडे कठोर आहे. त्यावर पावले नाजूकपणे आणि पटापट पडतात, पण जमिनीवर जोर पडत नाही, शरीराचा भार कुठेही रोखला जात नाही आणि नजर सतत खाली राहते. वॉर्म-अपमध्ये ताल येण्यासाठी तो दोन-तीन मिनिटे वापरावा. चपळतेचा सराव म्हणून त्यावर वेळ घालवू नये.

उत्तर : माजी बचावपटू, आता कनिष्ठ संघाचे प्रशिक्षक

मॅडम, आपण लिहिलेले एक वाक्य मला सर्वांत बोलके वाटले: पहिले पाऊल हुलकावणीच्या दिशेने जाते. म्हणजे त्या मुलीचा पाय मंद नाही. ती चुकीच्या गोष्टीकडे पाहते आहे.

ठरलेल्या शंकूंभोवती वळताना खेळाडूला पुढचे वळण आधीच ठाऊक असते. तो दिशा बदलण्याचा सराव आहे आणि तो हवाच. पण समोरच्याच्या हालचालीवरून दिशा ठरवायची आणि मग ती बदलायची, यात नजर, अंदाज आणि निर्णय हे तिन्ही येतात. क्रीडाशास्त्रातही आता चपळता या शब्दाचा अर्थ असाच घेतला जातो: एखाद्या संकेताला दिलेला, संपूर्ण शरीराचा जलद प्रतिसाद. शंकू कोणताही संकेत देत नाही.

येथे केवळ प्रतिक्रिया काळाचा विचार करूनही चालत नाही. धावण्याच्या शर्यतीत इशाऱ्यानंतर ०.१ सेकंदाच्या आत हललेला धावपटू चुकीची सुरुवात केल्याबद्दल बाद ठरतो, कारण त्याहून लवकर मानवी शरीर ऐकून हलू शकत नाही असे मानले जाते. २००९ मध्ये बर्लिन येथे उसेन बोल्टने १०० मीटर ९.५८ सेकंदांत धावून विक्रम केला तेव्हा त्याचा प्रतिक्रिया काळ ०.१४६ सेकंद होता, आणि त्याच शर्यतीतील काही प्रतिस्पर्धी त्याच्या आधी हलले होते. तिथे संकेत एकच आणि उत्तरही एकच असते. हॅन्डबॉलमध्ये समोरची खेळाडू डावीकडे जाईल, उजवीकडे जाईल, फेकेल किंवा पास देईल. पर्याय वाढले की निर्णयाला लागणारा वेळही वाढतो. तो कमी करण्याचा मार्ग एकच आहे, आणि तो म्हणजे योग्य संकेत लवकर ओळखणे.

माझ्या खेळाच्या दिवसांत मीही खांद्याला आणि चेंडूला फसत असे. एका ज्येष्ठ सहकाऱ्याने मला समोरच्याच्या कमरेकडे पाहायला शिकवले. खांदा, डोके, हात आणि डोळे यांनी फसवता येते. कंबर जिकडे वळते तिकडेच माणसाला जावे लागते. आजही मी मुलांना आरशासारखा सराव देतो. तीन मीटर रुंदीच्या पट्ट्यात दोघे समोरासमोर उभे राहतात, एक जण हवा तसा हलतो आणि दुसऱ्याने त्याच्यासमोरच राहायचे असते. एक डाव पाच ते सहा सेकंदांचा असतो, त्यानंतर पूर्ण मिनिटभर विश्रांती. आरंभी चेंडू नसतो, दुसऱ्या आठवड्यात येतो. काही डावांत मी हल्लेखोराच्या कमरेला रंगीत पट्टा बांधतो आणि बचाव करणाऱ्याला सांगतो की तुला फक्त हा पट्टा दिसतो, बाकी काही नाही. दोन-तीन सत्रांतच पाय हुलकावणीकडे जाण्याचे प्रमाण उतरलेले दिसते. हा सराव दमलेल्या मुलांकडून मात्र करून घेऊ नये, कारण दमल्यावर नजर आधी ढळते आणि पाय नंतर.

विचारणा करणारी प्रशिक्षिका

सर्वांचे मनापासून आभार. वेळ मी स्वतः साध्या स्टॉपवॉचने घेतली होती, आणि ती मुलगी मंदावल्याचे मी तिला सांगितलेही होते. आज तिच्याशी बोलले. चित्रणही घेतले. फिजिओथेरपिस्ट मॅडमनी लिहिले तसेच दिसले: शेवटच्या पावलावर अंग उभे राहते आणि उजवा गुडघा स्पष्टपणे आत येतो. आणखी तिघींचेही तसेच आहे.

दोन शंका उरतात. रोजचे सलग धावणे कमी केल्यास सोळा आठवड्यांत कमावलेला दमसास जाणार नाही का? निवडीच्या वेळी बीप टेस्ट घेतली जाते, त्यामुळे तिच्याकडे दुर्लक्ष करणे मला शक्य नाही. आणि स्पर्धा नऊ आठवड्यांवर असताना आठवड्याची विभागणी कशी करावी?

उत्तर : शारीरिक क्षमता प्रशिक्षक

दमसासाकडे दुर्लक्ष करण्याचा सल्ला मी देणारच नाही. दोन धावांच्या मधल्या वेळेत फॉस्फोक्रिएटिन पुन्हा भरून येण्यासाठी प्राणवायू लागतो, त्यामुळे चांगला दमसास असलेली खेळाडू प्रत्येक मुसंडीनंतर लवकर सावरते. साठ मिनिटांच्या सामन्यात ही मोठी गोष्ट आहे. पण कमावलेला दमसास टिकवायला तो कमावण्याइतके कष्ट लागत नाहीत. तीव्रता कायम राखली तर आठवड्यातील दोन सत्रांवर तो अनेक आठवडे टिकतो. वेगाचे तसे नाही. त्याचा सराव थांबला की आठवड्याभरातच धार कमी होऊ लागते. म्हणून वेग दर दोन-तीन दिवसांनी आणि थोडाच घ्यावा, दमसास आठवड्यातून दोनदा आणि कसून घ्यावा.

सामना शनिवारी धरला तर माझी मांडणी अशी असेल. सोमवारी हलकी हालचाल आणि चेंडूचे तंत्र, कारण रविवारची विश्रांती अनेकदा पुरी पडत नाही. मंगळवारी अंग ताजे असताना उड्या आणि २० मीटरच्या धावा, त्यानंतर आठवड्यातला सर्वांत जड वजनांचा व्यायाम. बुधवारी चेंडूसह सराव आणि शेवटी दमसास. सलग धावण्याऐवजी १५ सेकंद जोरात धावणे आणि १५ सेकंद थांबणे, अशा सहा-सहा मिनिटांच्या दोन फेऱ्या. गुरुवारी आरशाचा सराव, ब्रेकचे तंत्र आणि कमी वजनाचा झपाट्याचा व्यायाम. शुक्रवारी अर्ध्या तासाहून अधिक सराव नको, त्यात तीन-चार छोट्या पूर्ण वेगाच्या धावा असाव्यात. पहिल्या सहा आठवड्यांत, सामने नसताना, दमसासाचे दुसरे सत्र शनिवारी घ्या.

अखेरच्या दोन आठवड्यांत एकूण सरावाचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आणा, मात्र तीव्रता आणि सत्रांची संख्या कमी करू नका. येथे बहुतेक प्रशिक्षकांचा धीर सुटतो. स्पर्धा जवळ आली की आणखी थोडे करून घ्यावे असे वाटते आणि मुली थकलेल्या अंगाने पहिला सामना खेळतात. प्रत्येक सत्रानंतर प्रत्येकीला ते शून्य ते दहा यांपैकी किती जड वाटले हे विचारा आणि त्या आकड्याला सत्राच्या मिनिटांनी गुणून वहीत लिहा. तीन-चार आठवड्यांत कोणावर किती भार पडतो आहे हे आपोआप दिसू लागेल. झोप कमी झालेली मुलगी त्याच सरावाला मोठा आकडा देते, हेही त्या वहीतच कळेल.

विचारणा करणारी प्रशिक्षिका (सात आठवड्यांनंतर)

आज पुन्हा मोजमाप घेतले म्हणून कळवते. लांब उडीची सरासरी १.८७ मीटर झाली. बीप टेस्टमध्ये बहुतेक जणी होत्या तिथेच आहेत, दोघी अर्ध्या पातळीने मागे आल्या. २० मीटरच्या वेळा किंचित सुधारल्यासारख्या वाटतात, पण घड्याळ तेच असल्याने त्यावर मी भर देत नाही.

कालच्या सराव सामन्यात त्या बचावपटूला समोरच्या विंगने (मैदानाच्या कडेने हल्ला करणाऱ्या खेळाडूने) पाच वेळा तीच हुलकावणी दिली. तीन वेळा तिचा पाय हललाच नाही. ती कंबर खाली घेऊन उभी राहिली आणि खरी मुसंडी आली तेव्हा बरोबर समोर होती. चौथ्या वेळी ती फसली, पण दुसऱ्या पावलावर परतली आणि फेकणारा हात अडवू शकली. पाचव्या वेळी, सामना संपत आला असताना, ती पूर्वीसारखीच फसली. तिचा उजवा गुडघा दमल्यावर अजूनही आत येतो, म्हणून एका पायावर उतरण्याचे व्यायाम तिच्यासाठी वाढवले आहेत आणि पुढचे चित्रण तीन आठवड्यांनी घेणार आहे.